सी ड्राइव्ह लाल झालाय? थांबा, आधी फोटो डिलीट करू नका

धिस पीसी उघडलं आणि सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल दिसली की आपल्याकडे घरोघरी एकच कार्यक्रम सुरू होतो. डेस्कटॉपवरचे लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर, दोन-चार पिक्चर डिलीट, रीसायकल बिन रिकामा, आणि मग रनमध्ये जाऊन टेम्प (तात्पुरत्या फायलींचं फोल्डर), परत तो पर्सेंटवाला टेम्प, मग प्रीफेच, सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-डिलीट. काही जण तर शेवटी रनमध्ये 'ट्री' टाइप करून एंटर मारतात, काळ्या विंडोत भराभर काहीतरी पळतं आणि म्हणे कॉम्प्युटर फास्ट होतो. अहो ती ट्री कमांड फक्त फोल्डरांची यादी दाखवते, बाकी काही म्हणजे काही करत नाही. आणि प्रीफेचचं फोल्डर असतं जेमतेम काही एमबीचं, ते उडवलं की सॉफ्टवेअर पुढच्या वेळी उघडायला उलट जरा जास्त वेळ घेतात आणि विंडोज ते परत तयार करतंच. पण सांगायचं कुणाला, क्लासला कुणीतरी शिकवलंय ना.

एवढं सगळं करून मिळतात दीड-दोन जीबी, आणि आठ-दहा दिवसांत पट्टी परत लाल. (दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की ती लाल होते, बाकी त्या रंगात काही गूढ नाही.) माझं म्हणणं एवढंच की छोटा सी ड्राइव्ह भरतो तो तुमच्या फोटोंनी कमी आणि तुम्हाला साध्या नजरेला न दिसणाऱ्या चार-पाच मोठ्या फायलींनी जास्त, त्यामुळे आधी मोजायचं, मग हात लावायचा.

आता खरं उदाहरण सांगते. माझ्या मामेभावाचं बार्शीत फ्लेक्सचं दुकान आहे. राखीला गेले होते तर ओवाळून होतंय न होतंय तोच "ताई, जरा दुकानात चल ना, फोटोशॉप काम करेना, सारखं स्क्रॅच डिस्क फुल म्हणतंय, गणपतीची कामं डोक्यावर आहेत." मशीन असेंबल केलेलं, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी १२० जीबीची एसएसडी आणि जुनी १ टीबीची हार्डडिस्क, तिचे डी, ई, एफ असे तीन पार्टिशन पाडलेले, एकाचं नाव डेटा, एकाचं साँग्ज, एकाचं बॅकअप. ही आपल्याकडची ठरलेली पद्धत, विंडोज मारून देणारा पोरगा पार्टिशन पाडल्याशिवाय मशीन हातात देतच नाही. सी मध्ये १११ जीबीपैकी चारशे-साडेचारशे एमबी शिल्लक. त्याचा पहिला प्रश्न हाच की १२० सांगून १११ च दिली, दुकानदाराने फसवलं. नाही रे बाबा, कंपनी १००० च्या हिशोबाने जीबी मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १२० चे १११ दिसतात आणि १२८ चे ११९. सगळ्यांच्याच दिसतात.

दुसरा प्रश्न, "ताई, डी मध्ये एवढी जागा पडलीये, त्यातली थोडी सी ला दे ना." ते जमत नाही कारण सी आणि डी इथे दोन वेगळ्या डिस्क आहेत. एकाच डिस्कचे पार्टिशन असते तर जमलं असतं, त्याबद्दल खाली लिहिते.

मोजायचं कसं? सी उघडून सगळी फोल्डरं सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर आकडा आला साठ-पासष्ट जीबी, आणि ड्राइव्ह तर सगळा भरलेला. मग उरलेले पंचेचाळीस-पन्नास जीबी गेले कुठे? हिडन फायली आणि ज्या फोल्डरांत तुम्हाला शिरायची परवानगी नाही ती फोल्डरं, एक्सप्लोरर ती धरतच नाही. म्हणून विझट्री नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकायचं आणि राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं (हे विसरू नका, नाहीतर तेच अर्धवट आकडे दिसतात). ते एकेक फोल्डर फिरत बसत नाही, डिस्कवर फायलींची जी मुख्य नोंदवही असते तीच थेट वाचतं, त्यामुळे अख्खा ड्राइव्ह काही सेकंदांत समोर येतो, सगळ्यात मोठी फाइल वर. विनडर्स्टॅट पण चांगलं आहे, रंगीत चौकोन दाखवतं, जेवढा चौकोन मोठा तेवढी फाइल मोठी, पण जुन्या मशीनवर त्याला बराच वेळ लागतो. सी मध्ये इन्स्टॉल करायलाही जागा नसेल तर विझट्रीचं पोर्टेबल व्हर्जन पेनड्राइव्हवरून चालतं.

तर पहिल्या नंबरला काय निघालं? युजरच्या टेम्प फोल्डरात 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढे आकडे अशा नावाच्या फायली, एक-दोन नाही, ओळीने, सगळ्या मिळून वीसच्या वर जीबी. आता ह्या कुठून आल्या ते बघा. फोटोशॉपला रॅम पुरली नाही की ते डिस्कवर तात्पुरती फाइल करतं, तीच स्क्रॅच डिस्क, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर ती सी वरच असते. फोटोशॉप नीट बंद झालं तर फाइल आपोआप जाते, पण लाइट गेली, मशीन हँग झालं, टास्क मॅनेजरमधून बंद केलं, की ती तिथेच राहते आणि पुढच्या वेळी नवीन तयार होते. बार्शीत लाइट किती वेळा जाते ते मी वेगळं सांगायला नको आणि दुकानातल्या यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली.

बरं फ्लेक्सच्या फायली केवढ्या असतात त्याचा हिशोब करून बघा एकदा. १० बाय २० फुटाचा फ्लेक्स म्हणजे १२० बाय २४० इंच. ७२ डीपीआयला (म्हणजे इंचाला ७२ ठिपके) धरला तरी ८६४० गुणिले १७२८० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ १५ कोटी पिक्सेल, सीएमवायकेमध्ये (छपाईचे चार रंग) प्रत्येकी ४ बाइट, झाले सहाशे एमबी, तेही एका भरलेल्या लेयरचे, म्हणजे चित्राच्या एका थराचे. तोच कुणी दीडशे डीपीआयला करायला सांगितला तर एका लेयरचे अडीच जीबी! आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लेयर किती, तर साहेब, साहेबांचे साहेब, खाली शुभेच्छुक म्हणून तीस चेहरे, प्रत्येकाच्या मागे ग्लो. वर हिस्टरी, म्हणजे मागे जाता यावं म्हणून प्रत्येक बदलाला जुना भाग धरून ठेवायचा. ह्या सगळ्यात चारशे एमबी मोकळ्या सी ने काय करायचं. फोटोशॉप बंद करून त्या सगळ्या टेम्प फायली उडवल्या (चालू असताना नाही, तेव्हा एक फाइल वापरात असते), मग प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क्समध्ये सी ची टिक काढून ई ला टिक. हार्डडिस्क एसएसडीपेक्षा हळू आहे हे खरं, मोठ्या फायलीला फरक जाणवतो, पण हळू चालणं हे न चालण्यापेक्षा बरं. आणि मी त्याला म्हटलं बाबा वीस फुटाचा फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात, तो दीडशेला करायची काही गरज नाही, तर म्हणतो गिऱ्हाईक ऐकत नाही. असो.

दुसरी मोठी फाइल, सी च्या अगदी तोंडाशी असलेली पण लपवलेली, हायबरफिल डॉट सिस. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं जिथे लिहून ठेवतात ती ही फाइल. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. दुकानातला डेस्कटॉप कोण हायबरनेट करतंय? कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ, एंटर. फाइल त्याच क्षणी गायब, रीस्टार्टही नको. ती फाइल एक्सप्लोररमधून डिलीट करायला जाऊ नका, होत नाही. ह्याने फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, पण एसएसडीवर मशीन तसंही लवकर सुरू होतं, मला तरी काही फरक वाटला नाही. लॅपटॉपला मात्र मी सरसकट हे करायला सांगत नाही, कारण बॅटरी संपत आली की तुमचं उघडं काम वाचवणारी हीच फाइल असते. लॅपटॉपवर हायबरनेट वापरतच नसाल तर शेवटी ऑफऐवजी स्लॅश टाइप रिड्यूस्ड टाकलं की फाइल रॅमच्या वीसेक टक्क्यांवर येते आणि फास्ट स्टार्टअप चालू राहतं.

तिच्याच शेजारी पेजफाइल डॉट सिस दिसते (रॅम कमी पडली की विंडोज जास्तीचं हिच्यात ठेवतं), ती पण चांगली गलेलठ्ठ असते आणि बघितल्यावर हात शिवशिवतात. तिला मी हात लावत नाही. पेजफाइल पूर्ण बंद केली की रॅम भरल्यावर सॉफ्टवेअर काही न सांगता बंद पडायला लागतात, फोटोशॉप आणि कोरल (डिझाइनचंच दुसरं सॉफ्टवेअर) एकत्र चालवणाऱ्या माणसाला तर नकोच. अगदी अडलंच तर सिस्टिमला ठरवू देण्याऐवजी आकडा बांधून द्या, बस.

मग विनएसएक्सएस. ह्या फोल्डरावरून लोकांचं फार डोकं फिरतं, दहा जीबी दिसतं आणि आत काय आहे काही कळत नाही, म्हणून उडवायला जातात. उडवू नका! विंडोजचे सगळे सुटे भाग त्यात असतात आणि मुळात तो आकडाच फसवा आहे. त्यातल्या बऱ्याच फायली आणि विंडोजच्या सिस्टिम फोल्डरातल्या फायली ह्या डिस्कवर एकच असतात, फक्त नाव दोन ठिकाणी लावलेलं. एकाच माणसाचं नाव दोन रेशनकार्डांवर असलं तर मोजणाऱ्याला दोन माणसं दिसतात, तसं. खरा आकडा बघायचा तर डीआयएसएम नावाची विंडोजचीच कमांड आहे, तिला ॲनलाइज कंपोनंट स्टोअर सांगितलं की किती खरं आणि किती नुसतं शेअर केलेलं ते सांगते, आणि स्टार्ट कंपोनंट क्लीनअप सांगितलं की जुन्या अपडेटचे मागे राहिलेले भाग काढते. दीड-दोन जीबी मिळाले तर मिळाले. त्याच्यापुढे रीसेट बेस असं एक जोडतात लोक, ते केलं की आधी टाकलेले अपडेट परत काढता येत नाहीत हे लक्षात ठेवून काय ते करा.

अजून एक फोल्डर असंच, विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर नावाचं लपवलेलं फोल्डर. एखाद्या व्हिडिओत कुणीतरी ऐटीत ते डिलीट करताना दिसतो, दहा जीबी वाचले म्हणून टाळ्या. त्या दिवशी खरंच काही होत नाही. दोन-तीन महिन्यांनी ऑफिस किंवा दुसरं काही अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला जाल तेव्हा ते मूळ सेटअपची फाइल मागेल आणि ती नसेल. तिथे काहीही करायचं नाही.

जे बिनधास्त काढायचं ते विंडोजच सांगतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. जुनी डिस्क क्लीनअप आवडत असेल तर तीही चालते पण खाली 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' बटण दाबायला विसरू नका, खरा माल त्याच्या मागे असतो, अपडेटचा कचरा, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (दुसऱ्या मशीनलाही देता यावेत म्हणून साठवलेले अपडेट), आणि नशीब चांगलं असेल तर विंडोज डॉट ओल्ड. मोठा अपडेट झाला किंवा जुन्यावरच नवीन विंडोज मारली की जुनी सगळी त्या फोल्डरात बसून असते, वीसेक जीबी सहज. अपडेटनंतरची असेल तर दहा दिवसांनी ती आपोआप जाते, तोवर मागे जायची सोय म्हणून ठेवलेली असते. जुन्यावर विंडोज मारून घेतलेली असेल तर मात्र उडवायच्या आधी आत जाऊन युजर्स फोल्डर बघा, लोकांचे जुने डॉक्युमेंट तिथेच अडकलेले असतात. आणि हो, यादीत डाउनलोड्स असं एक नाव दिसेल, त्याच्यावर टिक आहे का ते दोनदा बघा. २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये डिस्क क्लीनअपमध्येही ते घातलं होतं, लोक सवयीने सगळ्याला टिक करायचे आणि डाउनलोड्स साफ. नंतर तिथून काढलं ते, पण सेटिंग्जमधल्या यादीत आहे.

डाउनलोड्सवरून आठवलं. भावाकडे गिऱ्हाईकं फोटो पाठवतात व्हॉट्सॲपवर, तो कॉम्प्युटरवर उघडून डाउनलोड करतो, म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकांचे फोटो त्याच्या सी वर. हे फोल्डर डी वर न्यायचं असेल तर कट-पेस्ट नाही करायचं, डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. पण आधी डी मध्ये एक रिकामं फोल्डर करून घ्या आणि ते निवडा. नुसता डी निवडला तर अख्खा डी ड्राइव्हच विंडोजच्या दृष्टीने डाउनलोड्स होऊन बसतो आणि मग ते पूर्ववत करणं म्हणजे डोक्याला ताप. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पण असेच हलवता येतात, डेस्कटॉप तर हलवाच, आपल्याकडे लोक काम करतात ते डेस्कटॉपवरच. टेलिग्राम वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये लोकल स्टोरेजची मर्यादा ठरवता येते, ती कमी करा.

सिस्टिम रिस्टोअर काही जण पूर्ण बंद करतात, मी नाही करत, तीन-चार टक्क्यांची मर्यादा घालते. एखादा ड्रायव्हर बिघडला की तेवढंच एक मागे जायला असतं.

क्लीनर सॉफ्टवेअरबद्दल विचारतात सगळे, कुठलं टाकू. कुठलंच नको. ते जे काढतं ते विंडोज स्वतः काढतं, आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) क्लीन करून जागा होते हा निव्वळ भ्रम आहे, अख्खी रजिस्ट्रीच काहीशे एमबीची असते, त्यातल्या चार नोंदी काढून काय मिळणार. शिवाय २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ व्हर्जनमध्येच मालवेअर घुसलेलं, तेही खुद्द अधिकृत डाउनलोडमधून लोकांकडे गेलेलं. साफ करायला बोलवायचं आणि घाण घेऊन यायचं, कशाला.

आता ते पार्टिशनचं. एकाच डिस्कवर सी ५० जीबी आणि बाकी डी-ई-एफ असं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी लहान करतात आणि मग सी वर राइट क्लिक करून बघतात तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट, दाबताच येत नाही. कारण मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे चिकटून असावी लागते, डी लहान केल्यावर ती डी च्या पलीकडे पडते. नवीन मशीनमध्ये बऱ्याचदा मध्ये रिकव्हरी पार्टिशन पण बसलेलं असतं. मग एकतर डी चा डेटा दुसरीकडे काढून डी पूर्ण उडवायचा, किंवा पार्टिशन सरकवणारं वेगळं सॉफ्टवेअर वापरायचं, आणि ते चालू असताना लाइट गेली तर काय होईल ह्याचा विचार करून आधी बॅकअप घ्यायचा. लाइट जाणाऱ्या गावात मी पहिला मार्ग धरते.

३२ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच चिकटवलेली स्टोरेजची चिप) असलेले छोटे लॅपटॉप, लॉकडाउनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी बऱ्याच घरात घेतले गेले, त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे विंडोजलाच पुरत नाही. कॉम्पॅक्ट ओएस म्हणून एक सोय आहे, विंडोजच्या फायली दाबून ठेवते, दोनेक जीबी मिळतात, पण प्रत्येक मोठ्या अपडेटला पेनड्राइव्ह लावून बसायची तयारी ठेवा. विंडोज ११ तर किमान ६४ जीबी मागते, म्हणजे तो रस्ताही बंद. अशा मशीनवर मी आता लिनक्सच टाकून देते, पोरं यूट्यूब आणि ब्राउझरच वापरतात.

भावाच्या मशीनवर हे सगळं करून सी मध्ये चाळीसच्या आसपास जीबी मोकळे झाले, एकही डिझाइन न काढता. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेगही पडतो, आतल्या आत माल हलवायला तिला रिकामी जागा लागते, त्यामुळे पंधरा-वीस जीबी कायम मोकळे राहतील असं बघ, एवढं सांगून आले. खरं तर त्याने ५०० ची एसएसडी घ्यावी आणि जुनीवरून सरळ क्लोन मारावी, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, विंडोज परत टाकायला नको, फॉन्ट परत टाकायला नको, फ्लेक्सवाल्यांचा अर्धा जीव त्या फॉन्टांत असतो. फक्त मशीन कोणत्या पिढीचं आहे ते आधी बघायला हवं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याचा प्रोसेसर ११ ला चालत नसेल तर नवीन एसएसडी घेऊनही प्रश्न उरतोच. तो म्हणाला गणपती होऊ दे, मग बघू. डी मध्ये 'बॅकअप ऑफ' नावाने सुरू होणाऱ्या कोरलच्या ढीगभर फायली दिसल्या, त्या काढू का विचारलं तर चक्क माउस काढून घेतला माझ्या हातातून.